भरतीचा आकडा आणि युद्धाचा न्याय

सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला आहे: अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. पंजाबपासून कोकणापर्यंत अशी पुष्कळ गावे आहेत आणि त्यांतल्या अनेक गावांत इंग्रजांनी लावलेली दगडी पाटी अजून भिंतीवर आहे. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. गेले ते कशासाठी गेले, कोणाच्या सांगण्यावरून गेले, घरी किती जमीन आणि किती कर्ज ठेवून गेले, याला पाटीवर जागा नाही.

पाटीवर नसलेला मजकूर पुढच्यांनी आपापल्या सोयीने भरून काढला. साम्राज्याचे गोडवे गाणारे म्हणाले, लाखो लोक आपण होऊन गेले, म्हणजे त्यांना ते युद्ध पटले होते. कडवे देशभक्त म्हणाले, परक्यासाठी लढले ते भाडोत्री. युद्धविरोधकांनी आशा धरली की युद्ध अन्यायाचे आहे हे एकदा लोकांना कळले की भरतीच्या रांगा आपोआप ओस पडतील. तिघांचे आपसात जमत नाही, पण तिघांच्या बोलण्याचा पाया एकच आहे. माणूस फौजेत जातो किंवा जात नाही, तेव्हा तो त्या युद्धाच्या न्यायान्यायाचा निवाडा करत असतो, असे तिघेही गृहीत धरतात.

हा पायाच कच्चा आहे. युद्धाबद्दलचे मत आणि सेवेचा निर्णय हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि बहुतेक माणसे ते वेगवेगळ्या वहीत मांडतात. म्हणून जे युद्ध निम्म्या देशाला अन्यायाचे वाटते, त्यालाही माणसे मिळतात. लोकमत फिरले की रांग आटत नाही, रांगेत उभी राहणारी माणसे बदलतात. न्यायाचा प्रश्न शिपायापुढे येतो तो बहुधा फौजेत शिरल्यानंतर, बंदूक कोणावर रोखायची हे ठरवण्याच्या क्षणी. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला तो विचारण्याची मुभा नसते.

1. एकाच जिल्ह्याचे दोन हिशेब

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. कोणालाही विचारले नाही. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ऑगस्ट 1942 मध्ये गवालिया टँक मैदानावरून ‘चले जाव’ची हाक निघाली. हिटलरबद्दल कोणाचे काहीही मत असो, आपल्याला न विचारता आपल्याला युद्धात ओढले, ही भावना त्या काळच्या राजकीय जाणिवेच्या मध्यभागी होती.

भरतीचा आकडा मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. 1939 मध्ये साधारण 2 लाखांच्या घरात असलेली हिंदी फौज 1945 पर्यंत 25 लाखांच्या पुढे गेली. सक्तीची भरती नव्हती. ‘चले जाव’च्या धामधुमीतही रांगा चालू राहिल्या.

सातारा जिल्ह्यात तर दोन्ही गोष्टी एकमेकींना खेटून घडत होत्या. नाना पाटलांचे प्रतिसरकार 1943 पासून गावोगाव न्यायनिवाडे करत होते. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली गेली. आणि त्याच जिल्ह्यातून मराठा लाइट इन्फंट्रीला जवानही मिळत होते. ही रेजिमेंट इटलीत लढत होती. तिथे माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांना जुलै 1944 मधल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर, तर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांना एप्रिल 1945 मधल्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

याला ढोंग म्हणणे सोपे आहे. पण माण-खटावकडच्या कोरडवाहू जमिनीचा तुकडा, त्यावर तीन-चार भावांचे हिस्से आणि युद्धकाळातली महागाई हे जमेस धरले की चित्र निराळे दिसू लागते. फौजेत गेलेल्या माणसाचे ताट घरच्या धान्यातून वजा होई, वर त्याची मनिऑर्डर येई. पोस्टमन दारात उभा राहिला की अंगठा उठवून नोटा मोजून घेणाऱ्या आईला इंग्रजांचे राज्य हवे होते, असा अर्थ कोणी काढला तर तो काढणाऱ्याचा दोष. तिचा दुसरा मुलगा रात्री प्रतिसरकारच्या माणसांना भाकऱ्या पोचवत असेल, तर तेही तिला विसंगत वाटण्याचे कारण नव्हते. राज्य कोणाचे असावे हा एक प्रश्न होता, चूल कशी पेटावी हा दुसरा.

2. टिळकांची अट आणि गांधीजींची पायपीट

पहिल्या महायुद्धात 10 लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे 74 हजार परतली नाहीत. पूना डिव्हिजन या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडली आणि 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, शरण गेली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. अशा युद्धाला आणखी माणसे द्यायची की नाहीत, यावर 1918 च्या उन्हाळ्यात देशातल्या दोन सर्वांत मोठ्या पुढाऱ्यांनी दोन टोकाच्या भूमिका घेतल्या.

टिळकांना भरतीचे वावडे नव्हते. त्यांना अट हवी होती. 10 जून 1918 रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याच्या मुद्द्यावर येताच त्यांना थांबवण्यात आले आणि ते उठून बाहेर पडले. पुढे त्यांनी गांधीजींकडे 50 हजार रुपयांचा चेक पाठवला. हिंदी माणसाला फौजेत अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मग आपण महाराष्ट्रातून 5 हजार माणसे देऊ, नाही दिली तर ही रक्कम जप्त, असा तो सौदा होता. गांधीजींनी चेक परत केला. मदत करायची तर बिनशर्त, असे त्यांचे म्हणणे. मग ते स्वतः खेडा जिल्ह्यात भरतीसाठी फिरले.

आणि फसले. काही आठवड्यांपूर्वी सारामाफीच्या सत्याग्रहात याच शेतकऱ्यांनी त्यांना फुकट बैलगाड्या दिल्या होत्या. आता भाड्यानेही गाडी मिळेना. दिवसाला वीस-वीस मैल पायी तुडवूनही माणसे हाती लागली नाहीत. अहिंसेचा पुरस्कर्ता आम्हाला शस्त्र उचलायला कसे सांगतो आणि या सरकारने आमचे कोणते भले केले, हे दोन प्रश्न त्यांना गावोगाव ऐकावे लागले. ऑगस्टमध्ये त्यांनी अंथरूण धरले आणि मोहीम तिथेच संपली.

इथे घाईने निष्कर्ष निघतो: खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने अन्यायाचे युद्ध ओळखले. मग त्याच वर्षी पंजाबने लाखांनी माणसे दिली, ती युद्ध न्यायाचे वाटले म्हणून? पंजाबात भरतीचे जाळे पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, कालव्याखालच्या जमिनी निवृत्त शिपायांना मिळत होत्या, आणि एवढ्याने भागेना तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायरच्या कारभारात गावोगाव माणसांचा कोटा ठरवून नंबरदारांच्या, म्हणजे गावमुखियांच्या, मानेवर बसून तो पुरा करून घेतला गेला. खेडा जिल्ह्यात यांतले काहीच नव्हते. पाटीदार शेतकऱ्याला फौजेवाचून अडत नव्हते. दोन प्रदेशांच्या नैतिक दृष्टीत फरक होता असे मानण्यापेक्षा त्यांच्या जमिनीत आणि त्यांच्यावरच्या दडपणात फरक होता, हे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे.

3. युद्ध कोणाच्या दृष्टीने अन्यायाचे?

आतापर्यंतचा विचार पोटाभोवती फिरला. पण सगळ्यांना पोटाने ओढून नेले असे म्हणणे हाही आळसच. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण महार समाजाचे आहे.

कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जातीं’चे खूळ इंग्रजांच्या डोक्यात शिरले आणि महारांची भरती बंद झाली. त्यानंतर या समाजाने जे अर्ज केले ते वाचले की ‘भाडोत्री’ हा शब्द जिभेवर अडखळावा. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे विनंती केली: आम्हाला फौज आणि पोलिसांत पुन्हा घ्या. 1917 मध्ये माणसांची चणचण भासली तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली, गरज सरताच 1921 मध्ये मोडली गेली. पुन्हा झगडा. डॉ. आंबेडकरांनी तो पुढे नेला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी फौजेतलेच. छावणीतल्या शाळेने एका घराण्याला किती पुढे नेले, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

आता साम्राज्याच्या या युद्धाला न्यायाच्या तराजूत घालून पाहावे. व्हाइसरॉयच्या एकतर्फी घोषणेमुळे ते काँग्रेसजनाला अन्यायाचे वाटत होते, आणि त्यात तथ्य होते. पण ज्याला गावाच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याच्या अंगावर वर्दी चढणे, त्याला सुभेदार म्हणून हाक मारली जाणे, हा त्याच्या वाट्याला आलेला दुर्मीळ न्याय होता. एकच युद्ध दोन माणसांसाठी दोन निवाडे घेऊन आले. ‘लोकांना अन्यायाचे वाटणारे युद्ध’ असे बोलताना कोणते लोक, हे आधी विचारावे लागते. बहुतेक चर्चांत ते लोक म्हणजे लिहिते-बोलते लोक असतात, आणि फौजेच्या रांगेत सहसा तेच नसतात.

4. ना गेले, ना नाही म्हणाले

लिहिते-बोलते लोक रांगेत नसतात, हा मुद्दा व्हिएतनाम युद्धाने आकड्यांत मांडून ठेवला आहे.

त्या युद्धाच्या काळात अमेरिकेत भरतीच्या वयाचे साधारण 2 कोटी 70 लाख पुरुष होते. सुमारे 22 लाखांना सक्तीने बोलावले गेले, 87 लाखांच्या आसपास आपण होऊन भरती झाले. या ‘आपण होऊन’मध्ये मोठी गोम आहे. बोलावणे येणारच आहे, तर आधीच नौदलात किंवा हवाईदलात नाव घालून पायदळातून सुटावे, असा विचार करणारे त्यात पुष्कळ होते. 1 डिसेंबर 1969 नंतर तर भरतीचा क्रम चक्क सोडतीने ठरू लागला. निळ्या प्लास्टिकच्या 366 कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख, सगळ्या काचेच्या एका बरणीत. दूरचित्रवाणीवर देश बघत असताना पहिली कुपी उघडली तेव्हा 14 सप्टेंबर ही तारीख निघाली. कुप्या नीट ढवळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांना आधी बोलावणे येण्याची शक्यता वाढली, हे नंतर संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. इतका उघडा जुगार चालू असताना, देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांना हे युद्ध चुकीचे वाटत असताना, भरतीचा कायदा मोडल्याबद्दल प्रत्यक्ष तुरुंगात गेलेल्यांची संख्या साडेतीन हजारांच्याही आत राहिली.

मग बाकीचे? सुमारे 1 कोटी 60 लाख पुरुषांनी कधी गणवेश घातलाच नाही. काहींना बोलावण्याची पाळी आली नाही, पण फार मोठा वर्ग कायद्याच्या चौकटीतूनच सरकला. कॉलेजात नाव आहे तोवर सवलत, ओळखीच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र, नॅशनल गार्डमधली सुरक्षित जागा. 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारल्यावर मुष्टियोद्धा मोहंमद अली जागचा हलला नाही. त्याला 5 वर्षांची शिक्षा आणि 10 हजार डॉलर दंड झाला, जगज्जेतेपद गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये शिक्षा रद्द करेपर्यंत उमेदीची वर्षे निघून गेली. त्याचे नाव जगाला पाठ आहे, ते तो विरळा होता म्हणून.

अन्यायाच्या युद्धाला माणसाचा सर्वसाधारण प्रतिसाद हा असा असतो: अंग काढून घेणे. त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. ज्यांच्याकडे फी भरायला पैसे आहेत ते सुटतात, आणि त्यांची रिकामी जागा कोणीतरी भरतोच. संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी 1966 मध्ये बुद्धिमापनाची अट शिथिल करणारी योजना आणली आणि आधी नापास ठरलेल्या सुमारे साडेतीन लाख तरुणांना फौजेत घेतले. युद्ध नावडते झाले, रांग तेवढीच राहिली. ती अधिक गरीब आणि कमी शिकलेली झाली, एवढेच.

5. रांगेला भाव लावणे

1973 मध्ये अमेरिकेने सक्तीची भरती बंद केली. तो युद्धविरोधकांचा विजय मानला गेला, आणि होताही. पण त्याच निर्णयाने सरकारचा एक काच सैल झाला. घराघरातला मुलगा जाणार नसेल, तर घराघरातून विरोधही उठणार नाही.

इराक युद्धात हे दिसून आले. 2005 मध्ये अमेरिकी लष्कराला 80 हजार भरतीचे उद्दिष्ट गाठता आले नाही, सात-एक हजार कमी पडले. युद्धाबद्दलचा भ्रमनिरास रांगेत उतरला, असे त्या वर्षी म्हणता आले असते. मग लष्कराने भरतीचा बोनस 40 हजार डॉलरपर्यंत चढवला, वयाची मर्यादा 42 पर्यंत नेली, किरकोळ गुन्ह्यांकडे काणाडोळा केला. पुढच्या वर्षी उद्दिष्ट पुरे झाले. दरम्यान युद्धाबद्दलचे मत काही सुधारले नव्हते.

रशियाने हाच धडा अधिक निर्लज्जपणे गिरवला. 21 सप्टेंबर 2022 रोजी 3 लाख राखीव माणसे बोलावण्याचा हुकूम निघताच तरुणांचे लोंढे जॉर्जिया आणि कझाकस्तानच्या सीमेवर धडकले. क्रेमलिनला धडा समजला: सक्ती केली तर लोक पळतात, भाव लावला तर येतात. त्याआधीच तुरुंगांतून कैदी उचलणे सुरू झाले होते. जुलै 2024 मध्ये करारावर सही करणाऱ्याला केंद्राकडून मिळणारी रक्कम 1 लाख 95 हजारांवरून 4 लाख रुबल झाली, एकट्या मॉस्को शहराने आपल्याकडून 19 लाख रुबल देऊ केले. या बाजारात आपलीही मुले सापडली. मदतनिसाची, सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून एजंटांनी रशियात नेलेले भारतीय तरुण खंदकात पोचले. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशी 126 प्रकरणे आणि 12 मृत्यू सांगितले. त्यांना युक्रेनबद्दल काय वाटत होते, हा प्रश्न विचारणेदेखील क्रूर ठरेल.

6. कौल घेणाऱ्यांची फसगत

‘देशासाठी लढाल का?’ असा प्रश्न घेऊन 2015 मध्ये 64 देशांत पाहणी झाली. मोरोक्कोत 94 टक्के हो म्हणाले, जपानात 11 टक्के. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पण प्रश्नात कोणते युद्ध, कोणाविरुद्ध, घरात किती मिळकत, यांतले काहीच नव्हते. फेब्रुवारी 1933 मध्ये ऑक्सफर्डच्या वादसभेने राजा आणि देशासाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही, असा ठराव 275 विरुद्ध 153 मतांनी केला. सहा वर्षांनी त्याच पिढीने गणवेश चढवला.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण उलट बाजूचे, आणि अधिक रंजक. पहिल्या महायुद्धात तिथे सक्तीच्या भरतीवर दोनदा जनमत घेतले, ऑक्टोबर 1916 आणि डिसेंबर 1917 मध्ये. दोन्ही वेळा लोकांनी ती फेटाळली. त्याच देशातून 4 लाखांहून अधिक माणसे मात्र स्वेच्छेने भरती झाली.

7. नकार आत घडतो

भरतीच्या दारात न्यायाचा प्रश्न क्वचित उभा राहतो, तर तो उभा राहतो कुठे?

पेशावर, 23 एप्रिल 1930. किस्साखानी बाजारात खुदाई खिदमतगार या अहिंसक चळवळीच्या जमावासमोर रॉयल गढवाल रायफल्सचे जवान उभे होते. शिपाई हिंदू, जमाव पठाण मुसलमान. धर्माचा हा फरक गोळी चालवायला पुरेल, असा हिशेब. चंद्रसिंह गढवाली यांनी आपल्या माणसांना गोळी चालवू दिली नाही. त्यांना जन्मठेप झाली. हे लोक भरती झाले ते गांधीवादी म्हणून नव्हे. डोंगरातल्या घरी मनिऑर्डर जावी म्हणून झाले होते. निवाडा त्यांनी केला तो निःशस्त्र माणूस बंदुकीसमोर आल्यावर.

मुंबई, 18 फेब्रुवारी 1946. नौदलाच्या ‘तलवार’ या तळावर खलाशांनी जेवण नाकारले. सुरुवात निकृष्ट अन्नापासून, गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिवीगाळीपासून, गोऱ्या खलाशांच्या तुलनेत मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारापासून झाली. हे वाचून नाक मुरडणारे विद्वान आहेत: जेवणासाठीचे बंड, त्यात कसले तत्त्व! त्यांनी मागण्यांची यादी शेवटपर्यंत वाचावी. तीत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी फौज परत बोलवा, हेही होते. डच साम्राज्याची घडी पुन्हा बसवण्यासाठी हिंदी शिपायांना जावात लढवले जात होते. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पारतंत्र्यासाठी वापरणे यापेक्षा उघड अन्याय कोणता? ताटातल्या जेवणापासून सुरू झालेला विचार दोन-तीन दिवसांत जावापर्यंत पोचला. पोटाची वही आणि न्यायाची वही अशी एकत्र उघडली जाणे सोपे नसते. मुंबई बंदरात ती उघडली आणि बंड 78 जहाजे आणि सुमारे 20 हजार खलाशांपर्यंत पसरले.

व्हिएतनाममध्येही सरकारला खरी धास्ती बसली ती फौजेच्या आतूनच. मोर्चे बाहेर निघत होते, पण जून 1971 मध्ये निवृत्त कर्नल रॉबर्ट हाइनल यांनी लष्करी मासिकात लिहिले की फौज कोसळण्याच्या बेतात आहे. त्या वर्षी अमेरिकी लष्करात पळून जाणाऱ्यांचे प्रमाण दर हजारी 73 वर पोचले होते. आपल्याच अधिकाऱ्याच्या तंबूत हातबॉम्ब टाकण्याचे प्रकार आदल्या वर्षी दोनशेच्या वर नोंदले गेले. रांग भरलेली होती. आज्ञा मात्र पोकळ झाली होती.

आक्षेप, आणि त्यांचा समाचार

पहिला आक्षेप युक्रेनचा. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे स्वयंसेवकांच्या रांगा लागल्या, म्हणजे न्यायाचे युद्ध माणसे ओढतेच ना? ओढते. पहिल्या लाटेत तर नक्कीच, आणि ते नाकारणे हट्टाचे होईल. पण त्याच युक्रेनला 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास बंदी घालावी लागली आणि एप्रिल 2024 मध्ये सक्तीच्या भरतीचे वय 27 वरून 25 वर आणावे लागले. दोन वर्षांत युद्धाचा न्याय तसूभरही कमी झाला नव्हता, तरी रांग आटली. रांग न्यायाने फुगते आणि थकव्याने ओसरते. ती मोजून न्याय सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. माणूस परिस्थितीमुळे गेला असे म्हटले की त्याची जबाबदारी उरतच नाही का? तत्त्वचिंतक मायकेल वॉल्झर यांनी 1977 च्या ग्रंथात मांडले की युद्ध सुरू करण्याचा दोष राज्यकर्त्यांचा, शिपाई दोन्ही बाजूंचे सारखेच, त्यांनी फक्त लढण्याचे नियम पाळावेत. जेफ मॅक्महान यांनी 2009 मध्ये हे खोडून काढले: अन्यायाच्या बाजूने बंदूक चालवणारा आणि बचाव करणारा सारखे कसे? तर्क मॅक्महानचा सरस आहे. पण तो शिपायाकडून जे ज्ञान अपेक्षितो, ते मंत्रिमंडळातल्या अर्ध्या लोकांकडेही नसते. जबाबदारी माहितीबरोबर वाढते, आणि शिपायाची माहिती सर्वांत जास्त असते ती त्याच्या डोळ्यांसमोर जे चालले आहे त्याची. 16 मार्च 1968 रोजी माय लाय गावावरून हेलिकॉप्टर नेणारा ह्यू थॉम्पसन व्हिएतनाम युद्धाच्या राजकारणावर काय मत बाळगून होता, याने काही बिघडत नाही. खाली गावकऱ्यांची कत्तल चाललेली पाहून त्याने हेलिकॉप्टर मधे उतरवले आणि अमेरिकी जवानांनी गोळी चालवली तर त्यांच्यावर चालवा, असे आपल्या माणसांना बजावले. लष्कराने त्याला सोल्जर्स मेडल दिले ते 1998 मध्ये, तीस वर्षांनी.

तिसरा आक्षेप सेनापतींचा: प्रत्येक शिपाई न्याय तोलू लागला तर फौज चालेल कशी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1971 मध्ये जिलेट खटल्यात हीच बाजू उचलली. सगळ्याच युद्धांना विरोध असणाऱ्याला सूट, ‘हेच युद्ध’ अन्यायाचे म्हणणाऱ्याला नाही. म्हणजे ज्याने युद्धाचा विचारच केला नाही, फक्त हिंसा वर्ज्य मानली, तो सुटला. ज्याने कॅथलिक धर्मशास्त्राप्रमाणे हे युद्ध तपासून नापास केले, तो अडकला. लेफ्टनंट एहरन वाटाडा यांनी 2006 मध्ये इराकला जाण्यास नकार दिला तेव्हा अफगाणिस्तानात जाण्याची तयारी दाखवली होती. कायद्याला या फरकाचे सोयरसुतक नव्हते. त्यांचा कोर्ट मार्शल अर्धवट मोडला आणि 2009 मध्ये त्यांना फौजेतून जाऊ देण्यात आले.

जर्मनीने मात्र वेगळी वाट करून पाहिली. मेजर फ्लोरियान फाफ यांनी आपले सॉफ्टवेअरचे काम इराक युद्धाच्या उपयोगी पडेल म्हणून ते करण्यास नकार दिला. त्यांची पदावनती झाली. जून 2005 मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द केली आणि सदसद्विवेकाला अनुसरून आज्ञा नाकारण्याचा सैनिकाचा हक्क मान्य केला. जर्मन फौज त्यानंतर मोडून पडली नाही. सेनापतींची भीती खोटी आहे असे एका खटल्यावरून सिद्ध होत नाही, पण ती सिद्ध झालेली आहे असेही आता म्हणता येत नाही.

आणि आपल्याकडे? ‘तलवार’चे खलाशी 23 फेब्रुवारी 1946 रोजी वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून शरण आले. शेकडो जणांना नौदलातून काढून टाकण्यात आले. पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला. ज्या साम्राज्याविरुद्ध त्यांनी जेवण नाकारले होते ते गेले, इंडोनेशियातून हिंदी फौज परत आली. आता तरी त्यांना परत घेतील, अशी त्यांची अपेक्षा होती. भारताच्या नव्या नौदलाने त्यांना घेतले नाही. पाकिस्तानच्या नौदलानेही नाही.